घरी बनवायचे छोटेखानी होम थिएटर स्पीकर: डिझाइन निवडताना वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सुतारकाम येतं, सोल्डरिंग जमतं, पण नेमकं कोणतं डिझाइन घ्यावं इथे बहुतेकांचं घोडं अडतं. खालची उत्तरं लिहिताना तीन गोष्टी धरून चाललो आहे: चित्रपट आणि संगीत दोन्ही ऐकायचं आहे, सबवूफर (फक्त खोल बास देणारा वेगळा स्पीकर) आहे किंवा येणार आहे, आणि पुढचे स्पीकर टीव्हीच्या आजूबाजूला मावतील एवढेच हवेत.

सुरुवात कुठून करायची? आधी ड्रायव्हर ठरवायचे की पेटीचा आकार?

दोन्ही नाही. (ड्रायव्हर म्हणजे पेटीत बसणारे, आवाज काढणारे भाग: खालच्या आवाजाचा वूफर आणि वरच्या आवाजाचा ट्वीटर.) आधी हे ठरवा की कुठल्या वारंवारितेपासून खाली सबवूफर काम हाती घेणार. होम थिएटरमध्ये ही सीमा बहुधा ८० हर्ट्झला असते. सिनेमाच्या आवाजाचे निकष ठरवणाऱ्या टीएचएक्सने हाच आकडा धरला आणि आज बहुतेक रिसिव्हरमध्ये (सगळ्या स्पीकरना आवाज वाटून देणाऱ्या अॅम्प्लिफायरमध्ये) तोच आधीपासून लावलेला असतो. ८० हर्ट्झच्या खालचा आवाज कुठून येतोय हे कानाला सहसा ओळखता येत नाही, म्हणून सबवूफर बाजूला ठेवला तरी खटकत नाही.

हे एकदा पक्कं केलं की छोटा स्पीकर ही तडजोड उरत नाही. त्याच्याकडून ४० हर्ट्झची अपेक्षाच नसते. ८० हर्ट्झपासून वर स्वच्छ, सपाट आणि पुरेसा मोठा आवाज देणं एवढंच त्याचं काम, आणि ते सहा-सात लिटरच्या पेटीतून उत्तम होतं. पुढची जवळजवळ सगळी उत्तरं याच निर्णयातून निघतात, म्हणून इथे घाई करू नका.

पण छोट्या पेटीतूनही खोल बास देणारे स्पीकर असतात की. तसंच डिझाइन का घेऊ नये?

असतात, पण त्यांना किंमत दुसरीकडे मोजावी लागते. खोल बास, लहान पेटी आणि जास्त सेन्सिटिव्हिटी (तेवढ्याच विजेत जास्त मोठा आवाज) या तिन्हींपैकी दोनच एका वेळी मिळतात. केएलएच या स्पीकर कंपनीच्या नावातला ‘एच’ ज्यांचा, त्या हॉफमन यांच्या नावाने हा नियम ओळखला जातो.

बीबीसीने १९७० च्या दशकात बाहेरच्या प्रक्षेपणाच्या गाड्यांसाठी तयार केलेला एलएस३/५ए हा याचा उत्तम नमुना आहे. पेटी जेमतेम पाच लिटरची, सीलबंद, माणसाचा आवाज अतिशय खरा. पण सेन्सिटिव्हिटी ८३ डेसिबलच्या आसपास. गाडीत बसून निवेदकाचा आवाज तपासायला तेवढं भरपूर होतं. तीन मीटरवरून चित्रपटातला स्फोट ऐकवायचा असेल तर ते तोकडं पडतं. होम थिएटरमध्ये तिघांपैकी खोल बास सोडून द्यावा असं माझं ठाम मत आहे, कारण तो द्यायला सबवूफर बसलेलाच आहे.

सीलबंद पेटी की पोर्टवाली?

पोर्ट म्हणजे बास वाढवण्यासाठी पेटीला दिलेली उघडी नळी. सबवूफरसोबत वापरायचे छोटे स्पीकर असतील तर माझं उत्तर सीलबंद. कारणं सांगतो.

सीलबंद पेटीचा आवाज तिच्या अनुनाद वारंवारितेखाली दर सप्तकाला १२ डेसिबलने उतरतो, पोर्टवाल्या पेटीचा २४ डेसिबलने. रिसिव्हरमध्ये स्पीकर ‘स्मॉल’ म्हणून लावला की बहुतेक रिसिव्हर त्याच्या वाटेत १२ डेसिबलचा फिल्टर घालतात आणि सबवूफरच्या वाटेत २४ डेसिबलचा. आता तुमची सीलबंद पेटी स्वतःहूनच ८० हर्ट्झला १२ डेसिबलने उतरत असेल, तर तिचे १२ आणि फिल्टरचे १२ मिळून २४ होतात आणि सबवूफरच्या उताराशी बरोबर जुळतात. ही योजना मुळात सीलबंद स्पीकर डोळ्यांसमोर ठेवूनच आखलेली आहे. पोर्टवाला स्पीकरही चालतो, पण मग जोड नीट बसवायला सबवूफरच्या अंतराशी आणि फेजशी (दोघांच्या आवाजलहरी एकत्र चढतात-उतरतात का याच्याशी) जास्त झगडावं लागतं.

दुसरं कारण अगदी व्यवहारातलं: छोट्या पेटीत पोर्ट मावत नाही. सात लिटरची पेटी ५० हर्ट्झला ट्यून करायची आणि पोर्टचा व्यास ५ सेंटीमीटर धरायचा, तर नळी सुमारे ३० सेंटीमीटर लांब लागते. पेटीची आतली खोलीच २० सेंटीमीटरच्या आसपास असते, ही नळी ठेवणार कुठे? व्यास साडेतीन सेंटीमीटर केला तर लांबी १४ वर येते, पण भोकाचं क्षेत्रफळ निम्मं होतं, हवा दुप्पट वेगाने धावते आणि जोरकस प्रसंगात फुसफुस ऐकू येते.

एक अपवाद मानतो. सबवूफर यायला बराच अवकाश असेल आणि तोवर याच दोन स्पीकरवर भागवायचं असेल, तर पोर्टवालं डिझाइन घ्या. नंतर पोर्टमध्ये फोमचा बोळा घट्ट बसवला की पेटी बऱ्यापैकी सीलबंदासारखी वागते.

वूफरच्या माहितीपत्रकातले आकडे आहेत. त्यावरून पेटी किती लिटरची ते कसं काढू?

चार आकडे बघायचे: एफएस म्हणजे वूफरची मूळ अनुनाद वारंवारिता, क्यूटीएस म्हणजे त्याच्या दमनाचं माप सांगणारा एकूण क्यू, व्हीएएस म्हणजे त्याच्या लवचिकतेशी बरोबरी करणारं हवेचं आकारमान, आणि एक्समॅक्स म्हणजे शंकू एका बाजूला किती सरळ हलू शकतो. नेव्हिल थील आणि रिचर्ड स्मॉल यांनी हे शास्त्र बांधलं, म्हणून यांना थील-स्मॉल आकडे म्हणतात.

समजा एफएस ५० हर्ट्झ, क्यूटीएस ०.४५ आणि व्हीएएस १० लिटर आहे. सीलबंद पेटीत एकूण क्यू ०.७०७ असावा असं आपण धरतो, कारण त्यात उतार सुरू होईपर्यंत आवाज सर्वांत सपाट राहतो. ०.७०७ ला ०.४५ ने भागा, १.५७ येतात. त्याचा वर्ग २.४७. त्यातून एक वजा करा, १.४७. आता व्हीएएसचे १० लिटर याने भागले की साधारण ६.८ लिटर. पेटीतली अनुनाद वारंवारिता म्हणजे ५० गुणिले १.५७, सुमारे ७९ हर्ट्झ. वर सांगितलेल्या ८० हर्ट्झच्या योजनेला असा वूफर अगदी चपखल बसतो.

हाच हिशेब एफएस ६० आणि क्यूटीएस ०.४० च्या वूफरवर करून बघा. व्हीएएस तेवढाच असेल तर पेटी ४.७ लिटरची होते, पण अनुनाद १०६ हर्ट्झवर जातो. पेटी लहान झाली म्हणून आनंद होतो, आणि मग ८० ते ११० च्या दरम्यान, पुरुषी आवाजाचा भारदस्तपणा जिथे असतो तिथे, पोकळी राहते. असा वूफर घ्यायचाच असेल तर सीमा १०० किंवा १२० हर्ट्झला नेऊन सबवूफर पुढच्या स्पीकरांजवळ ठेवावा लागेल.

लिटरचे सेंटीमीटर कसे करायचे?

बाहेरून १८ बाय २८ आणि खोली २५ सेंटीमीटर घेतली, फळी १८ मिलिमीटरची, तर आतून १४.४, २४.४ आणि २१.४ राहतात. गुणाकार ७.५ लिटर. वूफरचा मागचा भाग, क्रॉसओव्हर (वूफर आणि ट्वीटरमध्ये आवाज वाटून देणारं सर्किट) आणि आतली आडवी पट्टी मिळून अर्धा-पाऊण लिटर खातात. हाती उरतात ते आपल्याला हवे असलेले ६.८ किंवा त्याच्या जवळपास. पॉलिएस्टर वाडिंग (कापसासारखी भर) भरल्यावर पेटी वूफरला थोडी मोठी भासते, त्यामुळे दशांशात अडकू नका. फक्त तिन्ही मापं एकसारखी ठेवू नका. घनाकार पेटीत तिन्ही दिशांचे अनुनाद एकाच वारंवारितेवर गोळा होतात.

स्वतः डिझाइन करू, की कुणीतरी मोजमाप करून सिद्ध केलेलं डिझाइन घेऊ?

पहिल्या वेळी सिद्ध केलेलंच घ्या. पेटीचा हिशेब वर केलात तेवढाच आहे. खरी विद्या क्रॉसओव्हरमध्ये असते. ती मायक्रोफोन लावून, प्रत्यक्ष पेटीत बसवलेल्या ड्रायव्हरची मापं घेऊन, सॉफ्टवेअरमध्ये महिनोन्‌महिने घासून येते. ज्यांनी हे केलंय त्यांनी आपली अनेक डिझाइन्स आराखड्यासकट, भागांच्या यादीसकट मोकळेपणाने दिलेली आहेत. त्यांच्या मेहनतीचा फायदा घेण्यात कमीपणा काहीच नाही. उलट एक चांगलं डिझाइन हातून पूर्ण झालं की पुढचं स्वतः करताना कान तयार झालेला असतो.

दोन चांगले ड्रायव्हर घेतले आणि बाजारातला तयार क्रॉसओव्हर जोडला तर?

आवाज येईल, पण चांगला येण्याची शक्यता फारच कमी. तयार क्रॉसओव्हर धरून चालतो की वूफर म्हणजे कायम ८ ओहमचा रोध. प्रत्यक्षात त्याच ‘८ ओहम’च्या वूफरचा रोध अनुनादापाशी ३० ओहमच्या वर जातो, दोनशे-तीनशे हर्ट्झला सात-एक ओहमवर येतो आणि कॉइलच्या इंडक्टन्समुळे वरच्या पट्टीत पुन्हा चढतो. फिल्टर जिथे कापायला हवा तिथे कापतच नाही.

शिवाय पातळीचा प्रश्न. ट्वीटर बहुतेकदा वूफरपेक्षा मोठ्याने वाजतो. त्यातच वूफरचा खालचा आवाज अरुंद पेटीला वळसा घालून मागे पसरतो आणि समोर पोचताना आणखी कमी होतो. हा फरक क्रॉसओव्हरमध्येच भरून काढावा लागतो. तो भरला नाही की आवाज पातळ, टोचरा लागतो आणि लोक ट्वीटरला दोष देतात.

प्रसिद्ध डिझाइनमध्ये काय बदललं तर चालतं आणि काय मुळीच नाही?

पुढच्या फळीची रुंदी, ड्रायव्हरच्या जागा आणि त्यांच्यातलं अंतर, ड्रायव्हरचं नेमकं मॉडेल, क्रॉसओव्हरमधल्या भागांची मूल्यं: यांना हात लावायचा नाही. ट्वीटर दोन सेंटीमीटर खाली सरकवला तरी त्याचं आणि वूफरचं कानापर्यंतचं अंतर बदलतं, आणि २५०० हर्ट्झला पूर्ण तरंगलांबीच जेमतेम १४ सेंटीमीटरची असते.

आकारमान तेच राखून खोली आणि उंची थोडी मागेपुढे केली तर चालतं, मात्र वरच्या कडेपासून ट्वीटरचं अंतर तसंच ठेवा. रंग, व्हिनियर, टर्मिनल, मागची बाजू तुमच्या मर्जीची. मूळ डिझाइनमधला ड्रायव्हर बंद झाला असेल तर ‘त्याच आकाराचा, तेवढ्याच ओहमचा’ दुसरा बसवू नका. सरळ दुसरं डिझाइन शोधा.

डिझाइन चांगलं आहे हे आलेखावरून कसं ओळखायचं?

आलेखच दिले नसतील तर पुढे जा, कितीही कौतुक केलेलं असो.

दिले असतील तर आधी उभी पट्टी बघा. १०० डेसिबलच्या पट्टीवर कुठलाही आलेख गुळगुळीत दिसतो. ५० डेसिबलची पट्टी प्रामाणिक असते. मग एक-तृतीयांश सप्तकाचं स्मूदिंग लावलंय का ते बघा, त्यात अरुंद खड्डे बुजून जातात. समोरून घेतलेल्या रेषेइतकीच १५, ३०, ४५ अंशांची मापं महत्त्वाची. खोलीत बाजूने बसणारा माणूस आणि भिंतींवरून येणारा आवाज दोन्ही तिथलेच. या रेषा एकीखाली एक, समजुतीने उतरत गेल्या पाहिजेत. मधेच एखादी २००० ते ४००० च्या पट्टीत फुगत असेल तर वूफरकडून ट्वीटरकडे जाताना फेकीचा कोन एकदम बदलतोय असं समजा.

आणि एक खूण मी कधीच सोडत नाही: ट्वीटर मुद्दाम आराखड्याच्या उलट (धन-ऋण टोकं बदलून) जोडून घेतलेलं माप. क्रॉसओव्हरच्या वारंवारितेवर खोल, दोन्ही बाजूंनी सारखा खड्डा पडलेला दिसला की मूळ जोडणीत दोन्ही ड्रायव्हर एकमेकांशी फेजमध्ये आहेत हे सिद्ध होतं. ज्याने हा आलेख दिलाय त्याने क्रॉसओव्हर नीट केलेला असतो, असाच माझा अनुभव आहे.

सेंटर स्पीकर आडवा, दोन वूफरच्या मधे ट्वीटर असलेला घ्यावा का? सगळीकडे तसेच दिसतात.

दिसतात, कारण टीव्हीखाली मावतात. आवाजाच्या दृष्टीने ही रचना आडवी ठेवणं चुकीचं आहे. जोसेफ डी’अपोलिटो यांनी १९८०च्या दशकात जी वूफर-ट्वीटर-वूफर मांडणी अभ्यासली ती उभी ठेवण्यासाठी होती. उभ्यात आवाजाचे खड्डे छताकडे आणि जमिनीकडे जातात. आडवी केली की तेच खड्डे सोफ्यावर येऊन बसतात.

हिशेब करून बघा. पाच इंची दोन वूफर, मधे ट्वीटर, म्हणजे वूफरच्या केंद्रांमध्ये सुमारे २४ सेंटीमीटर. क्रॉसओव्हर २५०० हर्ट्झला. मध्यापासून सुमारे १७ अंश बाजूला गेलं की एका वूफरचा आवाज दुसऱ्यापेक्षा अर्धी तरंगलांबी उशिरा पोचतो आणि दोघं एकमेकांना खोडतात. उरतो तो फक्त ट्वीटरचा वाटा. तीन मीटरवर १७ अंश म्हणजे मधल्या माणसापासून ९० सेंटीमीटर, म्हणजे शेजारी बसलेला माणूस. खड्डा पडतो तोही व्यंजनं जिथे स्पष्ट होतात त्याच पट्टीत. मधे बसलेल्याला संवाद कळतात आणि कडेचा ‘काय म्हणाला?’ विचारत राहतो.

यावर सर्वांत चांगला उपाय म्हणजे डाव्या-उजव्यासारखाच तिसरा स्पीकर, उभाच, टीव्हीच्या खाली किंवा वर, तोंड कानांकडे कललेलं. तिन्ही एकसारखे असले की गाडी पडद्यावर डावीकडून उजवीकडे जाते तेव्हा तिचा आवाज मधेच बदलत नाही. उंची मिळतच नसेल तर मधे उभ्या रांगेत ट्वीटर आणि छोटा मिडरेंज, दोन्ही बाजूंना वूफर असं तीन पदरी डिझाइन घ्या. त्यात वूफर चारपाचशे हर्ट्झलाच थांबतात, तिथे तरंगलांबी ७०-८० सेंटीमीटर असते, म्हणून खोडाखोड होत नाही. किंवा ट्वीटर वूफरच्या मध्यभागी असलेला कोअॅक्सिअल ड्रायव्हर घ्या, त्याला आडवं-उभं सारखंच.

रिसिव्हरचं ऑटो कॅलिब्रेशन हे सगळं सुधारणार नाही का?

पातळी, अंतर आणि खोलीतला बास ते छान सांभाळतं. बाजूच्या दिशेला पडलेला खड्डा मात्र त्याला भरता येत नाही, कारण तिथे आवाज वाढवला की समोरही वाढतो.

चार इंची वूफर पुरेल की सहा इंची हवा?

सेन्सिटिव्हिटी ८५ डेसिबल आणि अॅम्प्लिफायर १०० वॉटचा धरा. एक मीटरवर १०५ डेसिबल होतात. तीन मीटरवर साडेनऊ कमी, पण खोली थोडं परत देते, म्हणजे शिखरं ९७-९८ पर्यंत. चित्रपटगृहाच्या प्रमाणात प्रत्येक पुढच्या स्पीकरकडून १०५ डेसिबलची शिखरं अपेक्षित असतात, पण घरात बहुतेक जण त्याच्या १०-१५ डेसिबल खालीच ऐकतात. तेवढ्याला चांगला पाच इंची वूफर पुरतो.

चार इंचीची अडचण खालच्या पट्टीत येते. तेवढाच मोठा आवाज एक सप्तक खाली द्यायचा तर शंकूला चौपट हलावं लागतं. म्हणून चार इंची घ्यायचाच असेल तर सीमा १०० हर्ट्झला न्या. खोली मोठी असेल, सोफा चार मीटरच्या पलीकडे असेल, तर सहा इंची घ्या.

सराउंड स्पीकरही तसेच हवेत का?

तसेच असले तर उत्तमच, पण इथे हात थोडा सैल सोडता येतो. तीन-चार इंची एकच फुलरेंज ड्रायव्हर (सगळी पट्टी एकटाच वाजवणारा), सीलबंद छोटी पेटी, क्रॉसओव्हर नाही, फार तर एक दुरुस्ती करणारं सर्किट: सराउंडला हे छान चालतं. जागा मात्र चुकवू नका. ५.१ मध्ये (पाच स्पीकर आणि एक सबवूफर) सराउंड स्पीकर तुमच्या बाजूला आणि किंचित मागे, समोरच्या रेषेपासून १०० ते १२० अंशांवर हवेत.

४ ओहमचं डिझाइन रिसिव्हरला झेपेल?

मागे काय छापलंय ते बघा. किमान ६ ओहम लिहिलं असेल तर ४ ओहमचे पाच स्पीकर जोडू नका. ८ ओहमचे दोन वूफर समांतर जोडले की ४ ओहम होतात, हे दुहेरी वूफरचं डिझाइन निवडतानाच तपासा.

शेल्फमध्ये किंवा भिंतीला चिकटून ठेवणार आहे. त्याने डिझाइन बदलतं का?

हो, आणि या मुद्द्याकडे फार कमी लोक बघतात. १८ सेंटीमीटर रुंद पेटीत साधारण ६४० हर्ट्झच्या आसपास आवाज चारी दिशांना पसरायला लागतो आणि मोकळ्या जागेत खालची पातळी ६ डेसिबलपर्यंत उतरते. हे भरून काढायला डिझायनर वरची पट्टी खाली आणतो. पूर्ण ६ डेसिबलची दुरुस्ती स्टँडवर, भिंतीपासून लांब ठेवलेल्या स्पीकरसाठी असते. तोच स्पीकर भिंतीला लावला की भिंत खालचा आवाज परत फेकते आणि माणसं डब्यात बसून बोलल्यासारखी वाटतात. डिझाइनच्या वर्णनात भिंतीजवळ ठेवण्यासाठी आहे असं लिहिलंय का, किंवा दुरुस्ती तीन-चार डेसिबलचीच आहे का, ते शोधा. पोर्ट मागच्या बाजूला असलेलं डिझाइन इथे टाळा.

एमडीएफ की प्लाय?

दोन्ही चालतात. एमडीएफ कापायला, राउटरने गोल खाच पाडायला सोपं, पण धूळ बारीक आणि घातक, मास्कशिवाय कापू नका, आणि कडेला स्क्रू धरत नाही. प्लाय हलकं आणि मजबूत. एवढ्या लहान पेटीला मधे एक आडवी पट्टी दिली की कोणतंही साहित्य पुरेसं ताठ होतं.

पहिल्यांदाच पाचही एकदम बनवायला घेऊ का?

फळ्या पाचांच्या कापून घ्या, यंत्राची मापं एकदाच लावावी लागतात. पण जोडणी आधी एका जोडीची करा आणि दोन-चार आठवडे ऐका. गोंद पूर्ण वाळल्यावर आणि ड्रायव्हर बसवल्यावर वूफरचा शंकू दोन्ही बाजूंनी बोटांनी हलकेच, सरळ आत दाबा. पेटी हवाबंद असेल तर विरोध जाणवतो आणि सोडल्यावर शंकू सावकाश परत येतो. फटकन आला तर टर्मिनलच्या चौकटीत किंवा ड्रायव्हरच्या कडेला फट आहे, तिथे फोमची पट्टी लावा. मग दीड व्होल्टचा सेल क्षणभर टर्मिनलला लावा. धन टोक लाल टर्मिनलला असताना वूफर बाहेर यायला हवा, दोन्ही स्पीकरमध्ये सारखाच. ट्वीटरला सेल थेट कधीच लावू नका. त्याची जोडणी आराखड्यावरूनच तपासा, कारण कित्येक डिझाइन्समध्ये तो मुद्दाम उलटा जोडलेला असतो आणि ‘दुरुस्ती’ म्हणून तो सरळ केला की वर सांगितलेला खड्डा नेमका ऐकण्याच्या जागी पडतो.